कच्च्या तेलाचं भागशः ऊर्ध्वपातन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावी-अकरावीची मुलं, त्यांचे पालक, डिप्लोमाचे विद्यार्थी आणि पंपावरची पावती हातात धरून वैतागलेले पुणेकर, अशा सगळ्यांकडून आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं रसायन अभियांत्रिकीच्या अंगाने दिली आहेत. पेट्रोलचा दर कोणामुळे वाढला, याचं उत्तर इथे मिळणार नाही. त्यासाठी कुठलाही कट्टा पुरेसा आहे.

रिफायनरीच्या त्या उंच टॉवरमध्ये नेमकं होतं काय?

जमिनीतून निघणारं कच्चं तेल म्हणजे हजारो वेगवेगळ्या हायड्रोकार्बन रेणूंची सरमिसळ. त्यात एक-दोन कार्बनचे वायू असतात, आठ-दहा कार्बनची पातळ द्रवं असतात आणि चाळीस-पन्नास कार्बनचे जड, चिकट रेणूही असतात. हे मिश्रण साधारण ३५० ते ३७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून टॉवरच्या खालच्या भागात सोडतात. बराचसा भाग वाफ होऊन वर चढतो. टॉवर खाली गरम आणि वर थंड असतो, त्यामुळे वर जाताना प्रत्येक प्रकारचा रेणू आपापल्या उत्कलनबिंदूच्या आसपासच्या मजल्यावर पुन्हा द्रव होतो. तिथून तो पाइपाने बाहेर काढतात. यालाच भागशः ऊर्ध्वपातन म्हणतात.

एक गोष्ट आधीच पक्की करून ठेवा, कारण पुढच्या निम्म्या प्रश्नांचं उत्तर तिच्यात आहे: टॉवरमध्ये नवीन काहीही तयार होत नाही. मार्केट यार्डात आंब्यांची प्रतवारी करणारा माणूस पायरीचा हापूस करत नाही, फक्त ढीग वेगळे लावतो. टॉवर तेवढंच करतो. रेणू तुटत नाहीत, जुळत नाहीत. ते काम रिफायनरीत होतं, पण दुसऱ्या युनिटमध्ये.

लहान रेणू लवकर का उकळतात?

रेणू जितका लांब, तितके शेजारच्या रेणूंशी असलेले आकर्षणाचे धागे जास्त. ते तोडायला उष्णता जास्त लागते. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, पेंटेन ३६ ला, सरळ साखळीचा ऑक्टेन १२६ ला, डेकेन १७४ ला आणि सोळा कार्बनचा हेक्साडेकेन २८७ अंशांना.

आकाराइतकाच आकृतीचाही परिणाम होतो. आयसोऑक्टेनमध्येही आठच कार्बन असतात, पण साखळीला फांद्या असल्यामुळे रेणू गुटगुटीत होतो, शेजाऱ्याला कमी चिकटतो आणि ९९ अंशांनाच उकळतो. म्हणून ‘इतके कार्बन म्हणजे अमुक इंधन’ असा चोख हिशेब बसत नाही. पाठ्यपुस्तकातला तक्ता ढोबळ आहे हे लक्षात ठेवून वापरा.

आधी पेट्रोल उडतं, मग रॉकेल, मग डिझेल, असं क्लासमध्ये सांगितलं. बरोबर आहे का?

आजच्या रिफायनरीपुरतं बोलायचं तर उलटं आहे. हळूहळू तापवत एकेक पदार्थ उडवायचा ही जुनी भांडी-पद्धत. एकोणिसाव्या शतकात मोठ्या लोखंडी भांड्यात तेल भरायचे, खाली जाळ करायचे, वर येणारी वाफ थंड करून वेगवेगळ्या पिंपांत धरायचे, मग भांडं रिकामं करून खरडून पुन्हा भरायचे. वेळ जायचा, इंधन जायचं आणि आगीही लागायच्या.

आता तेल अखंड वाहतं. आधी बराचसा भाग एकदम वाफ करतात आणि निवड होते ती वाफ *थंड होताना*. सगळ्यात जड भाग आधी द्रव होऊन खाली राहतो, सगळ्यात हलका शेवटपर्यंत वाफेतच राहून माथ्यावरून बाहेर पडतो. परीक्षेत ‘उत्कलनबिंदूंतील फरकावर आधारित’ असं लिहिलंत तर दोन्ही पद्धतींना ते लागू पडतं आणि गुण मिळतात. पण समजून घ्यायचं असेल तर लक्ष उकळण्यापेक्षा सांद्रीभवनावर ठेवा.

टॉवरमध्ये ते ट्रे कशासाठी? नुसती उंच पोकळ नळी चालणार नाही का?

चालणार नाही, आणि ऊर्ध्वपातनातली खरी करामत इथेच आहे.

समजा, एखाद्या मिश्रणाची वाफ केली आणि ती एकदाच थंड केली. हलका पदार्थ वाफेत जास्त येईल, पण त्याच्यासोबत जडही थोडा येईलच. एका फेरीत स्वच्छ वेगळेपणा मिळत नाही. तीच वाफ पुन्हा द्रव केली, पुन्हा उकळली, तर दुसऱ्या फेरीत हलक्याचं प्रमाण आणखी वाढेल. अशा वीस-तीस फेऱ्या केल्या तर काम होईल, पण वीस-तीस भांडी आणि तितक्याच भट्ट्या कोण लावणार?

ट्रे म्हणजे एकावर एक रचलेल्या या फेऱ्याच. कच्च्या तेलाच्या टॉवरमध्ये साधारण तीस ते पन्नास ट्रे असतात. प्रत्येक ट्रेला भोकं किंवा झडपा असतात आणि त्यावर काही सेंटिमीटर द्रव साचलेलं असतं. खालून येणारी गरम वाफ या द्रवातून बुडबुडे काढत वर जाते. जाताना वाफेतले जड रेणू द्रवात उतरतात आणि त्यांनी सोडलेल्या उष्णतेवर द्रवातले हलके रेणू वाफ होऊन वर निघतात. ट्रेवरचं जास्तीचं द्रव कडेच्या वाटेने खालच्या ट्रेवर पडतं. वाफ वर, द्रव खाली, आणि प्रत्येक मजल्यावर देवाणघेवाण. वेगळी भट्टी लागत नाही. खालच्याची उष्णता वरच्याला पुरते.

यातला विद्यार्थ्यांच्या हमखास नजरेआड होणारा भाग म्हणजे रिफ्लक्स. माथ्यावरून निघालेली वाफ थंड करून जे द्रव मिळतं, त्यातलं काही मुद्दाम परत टॉवरमध्ये सोडतात. तयार झालेला माल परत कशाला ओतायचा, असं पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं. पण वरून द्रव आलंच नाही तर ट्रे कोरडे पडतील, वाफेला भेटायला कोणी नसेल, आणि पन्नास ट्रे असूनही टॉवर पोकळ नळीसारखाच वागेल. रिफ्लक्स वाढवला की वेगळेपणा सुधारतो, पण इंधनाचा खर्चही वाढतो. ऑपरेटरची रोजची कसरत या दोन टोकांमध्ये चाललेली असते.

बाजूने काढलेल्या प्रत्येक कटचंही, म्हणजे ठरावीक तापमान-पट्ट्यातल्या भागाचंही, एक शेपूट असतं. रॉकेलच्या मजल्यावरून काढलेल्या द्रवात थोडा नॅफ्था, म्हणजे पेट्रोलचा हलका कच्चा माल, विरघळलेला राहतो. म्हणून तो छोट्या साइड स्ट्रिपरमध्ये नेऊन वाफ, म्हणजे पाण्याची साधी वाफ, सोडतात. हलका भाग उडून मुख्य टॉवरमध्ये परत जातो. हे नीट केलं नाही तर रॉकेलचा ज्वलनांक, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो, खाली येतो आणि ते वापरायला धोक्याचं होतं.

तेल आलं की थेट भट्टीत जातं का?

नाही, आधी त्याला धुतात. कच्च्या तेलासोबत खारं पाणी येतं. त्यातली मॅग्नेशियम आणि कॅल्शियमची क्लोराइडं तापली की पाण्याशी क्रिया होऊन हायड्रोजन क्लोराइड सुटतो. टॉवरच्या थंड माथ्यावर पाण्याचे थेंब जमतात, त्यात तो विरघळतो, आणि तयार झालेलं हायड्रोक्लोरिक आम्ल पोलादी पाइप खाऊन टाकतं. हे टाळायला डीसॉल्टर असतो. साधारण १२० ते १५० अंश तापमानाच्या तेलात थोडं गोडं पाणी मिसळतात, मीठ पाण्यात उतरतं, आणि विद्युत क्षेत्रात पाण्याचे बारीक थेंब एकमेकांना चिकटून मोठे होऊन तळाशी बसतात.

मग तेल एकामागून एक हीट एक्स्चेंजरमधून फिरवतात. टॉवरमधून बाहेर पडणारे गरम कट आपली उष्णता आत येणाऱ्या थंड तेलाला देतात. भट्टीशी पोचेपर्यंत तेल अडीचशे अंशांच्या पुढे गेलेलं असतं आणि भट्टीला उरलेली शंभरेक अंशांचीच भर घालावी लागते. रिफायनरीचा नफा-तोटा बराचसा या एक्स्चेंजरांच्या स्वच्छतेवर ठरतो, पण आकृतीत ते कोणी दाखवत नाही.

३७० अंशांच्या वर का तापवत नाहीत? तळाशी उरलेलंही वाफ होईल की.

होईल, पण त्याआधी तुटेल. साधारण या तापमानाच्या पुढे मोठे रेणू तडकायला लागतात आणि नळ्यांच्या आत कोक म्हणजे कार्बनचा दगडी थर बसतो. भट्टीची नळी आतून चोंदली की ती जागच्या जागी लाल होते आणि फुटू शकते.

मग तापमान न वाढवता उकळायचं कसं? दाब कमी करायचा. पुणेकरांना हे घरबसल्या ठाऊक असायला हवं. आपलं शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे पाणी १०० नाही, तर जवळपास ९८ अंशांना उकळतं. सिंहगडावर, १३०० मीटरच्या वर, ते ९६ च्याही किंचित खाली येतं. व्हॅक्यूम टॉवरमध्ये हाच न्याय टोकाला नेतात. आतला दाब वातावरणीय दाबाच्या काही टक्क्यांवर आणतात, आणि एरवी ५००-५५० अंशांना उकळणारा माल चारशेच्या आतच वाफ होतो. ही निर्वात स्थिती बहुतेक ठिकाणी वाफेच्या झोताने, म्हणजे इजेक्टरने, निर्माण करतात. कमी दाबाला वाफ प्रचंड फुगते, म्हणून व्हॅक्यूम टॉवर पहिल्या टॉवरपेक्षा चांगलाच लठ्ठ असतो. रिफायनरीचा फोटो दिसला तर ओळखून बघा.

वरून खाली कोणकोणते कट मिळतात?

माथ्यावरून वायू आणि हलका नॅफ्था. वायूंतून प्रोपेन आणि ब्युटेन वेगळे केले की एलपीजी. त्याच्या खाली साधारण १८० अंशांपर्यंतचा नॅफ्था, म्हणजे पेट्रोलचा कच्चा माल. मग दीडशे ते अडीचशेच्या पट्ट्यातलं केरोसीन, आपलं रॉकेल किंवा घासलेट. लोहगावला विमानात भरतात ते एटीएफही याच पट्ट्यातलं, फक्त त्याच्या कसोट्या कडक: उणे ४७ अंशांपर्यंत ते गोठता कामा नये. त्याखाली साधारण साडेतीनशेपर्यंतचं डिझेल. तळाशी उरतो तो रेसिड्यू. तो व्हॅक्यूम टॉवरमध्ये गेला की त्यातून व्हॅक्यूम गॅस ऑइल, वंगणाचा कच्चा माल, मेण आणि शेवटी डांबर.

आकडे एकमेकांवर चढलेले दिसतील. ती छपाईची चूक नाही. नॅफ्थाचं शेपूट आणि रॉकेलचं डोकं एकच असतं. रेघ कुठे मारायची हे रिफायनरी ठरवते आणि बाजार बघून ती रेघ सरकवतेही.

टॉवरमधून निघालेलं पेट्रोल थेट गाडीत घातलं तर?

इंजिन खडखडेल. सरळ टॉवरमधून आलेल्या जड नॅफ्थाचा ऑक्टेन अंक (इंधन खडखडाटाला किती दाद देत नाही याचं माप) साठच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो आणि आपल्या पंपावरच्या साध्या पेट्रोलला तो नव्वदच्या वर लागतो. म्हणून नॅफ्था रिफॉर्मरमध्ये नेतात. तिथे साधारण ५०० अंशांना प्लॅटिनम असलेल्या उत्प्रेरकावरून जाताना सरळ साखळ्या आणि साधी वलयं ॲरोमॅटिक, म्हणजे बेंझीनसारख्या, वलयांत बदलतात आणि ऑक्टेन अंक चढतो. इथे रेणू खरोखर बदलले. हे ऊर्ध्वपातन नव्हे. सोबत हायड्रोजन सुटतो आणि तो पुढे डिझेल साफ करायला कामी येतो.

उत्प्रेरकांचा विषय निघालाच आहे तर पाषाण रस्त्यावरून जाताना एनसीएलच्या आवाराकडे थोड्या आदराने बघा. १९५० साली सुरू झालेल्या या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. पॉल रत्नसामी यांच्या गटाने बारीक छिद्रांच्या झिओलाइट उत्प्रेरकांवर मोलाचं काम केलं. तिथे घडलेला ‘एन्सिलाइट’ झायलीन (असंच एक ॲरोमॅटिक रसायन) बनवण्याच्या प्रक्रियेत बडोद्याला प्रत्यक्ष कारखान्यात वापरला गेला. झायलीनचा उगम पुन्हा रिफॉर्म केलेल्या नॅफ्थातच.

डिझेललाही एवढी प्रक्रिया लागते का?

लागते, मुख्यतः गंधकासाठी. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ इंधन लागू झालं. त्यात गंधकाची मर्यादा दहा लाखांत १० भाग, तर बीएस-४ मध्ये ती ५० होती. टॉवर गंधक काढू शकत नाही, कारण गंधक सुटं नसतं, त्याच कार्बन साखळीत गुंतलेलं असतं आणि त्या साखळीबरोबरच उकळतं. म्हणून हायड्रोजनच्या दाबाखाली उत्प्रेरकावर ते हायड्रोजन सल्फाइडच्या रूपात ओढून काढतात आणि त्यापासून पिवळं धम्मक गंधक बनवून विकतात. वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेमध्ये वाहनांच्या धुराच्या ज्या चाचण्या होतात, त्या या इंधनाच्या भरवशावरच उभ्या आहेत. नव्या गाड्यांमधल्या धूर साफ करणाऱ्या यंत्रणा जास्त गंधकाने निकामी होतात.

एका पिंपातून पेट्रोल किती निघतं?

पिंप म्हणजे बॅरल, सुमारे १५९ लिटर. पुढचं उत्तर ‘कुठलं तेल?’ या प्रश्नावर अवलंबून. १९७४ साली सापडलेल्या मुंबई हायचं तेल हलकं आणि कमी गंधकाचं आहे, पण त्यात मेण भरपूर. पश्चिम आशियातली काही तेलं जड आणि गंधकाने भरलेली असतात आणि त्यांचा जवळपास निम्मा भाग पहिल्या टॉवरच्या तळालाच राहतो. हलकं तेल महाग, जड तेल स्वस्त. स्वस्त तेल घ्यायचं तर ते फोडायला महागडी युनिट उभारायची. जामनगरसारख्या रिफायनरीचं गणित या फरकावर चालतं.

मग नुसतं पेट्रोलच काढावं. बाकीचं कशाला?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण प्रतवारी म्हणजे काय ते इथे कळतं. जमिनीने जे ढीग दिले, तेवढेच लागणार. पेट्रोल हवं म्हणून टॉवर चालवला की डिझेल, रॉकेल, तळाचा गाळ हे सगळं सोबत आलंच. एकाला घेऊन दुसऱ्याला नको म्हणता येत नाही.

एकोणिसाव्या शतकात उलटी परिस्थिती होती. दिव्यासाठी रॉकेल हवं होतं, मोटारी नव्हत्या, आणि भडकणारा हलका भाग म्हणजे नुसती कटकट. बराचसा जाळला किंवा ओतून दिला जाई. मोटारी आल्यावर पेट्रोल कमी पडू लागलं, तेव्हा मोठे रेणू तोडून लहान करायची सोय शोधावी लागली. विल्यम बर्टन यांचं उष्णतेने तेल फोडण्याचं पेटंट १९१३ चं. आजचं उत्प्रेरकी क्रॅकिंग आणि हायड्रोक्रॅकिंग त्याच वाटेवरचं.

या बांधलेपणाचा अलीकडचा नमुना म्हणजे एप्रिल २०२०. टाळेबंदीत विमानं जमिनीवर, रस्ते ओस, पण घरोघरी स्वयंपाक जोरात. एटीएफला गिऱ्हाईक नाही आणि एलपीजीची मागणी वाढलेली. टॉवरला ‘फक्त गॅस दे’ असं सांगता येत नाही. रिफायनऱ्यांना एकूण उत्पादन खाली आणावं लागलं आणि विमानाच्या इंधनाचा कट डिझेलकडे वळवावा लागला.

इलेक्ट्रिक गाड्यांबद्दल विचारणाऱ्यांनाही हेच उत्तर. पेट्रोल-डिझेलचा खप घटला तरी डांबर, वंगण, प्लॅस्टिकचा नॅफ्था आणि एटीएफ लागतच राहिले तर टॉवर चालूच राहणार. मग नको असलेल्या कटचं काय करायचं हा प्रश्न उभा राहील. रिफायनऱ्या आतापासूनच नॅफ्था इंधनाऐवजी रसायनांकडे वळवण्याच्या मागे आहेत ते यासाठी.

रस्त्याचं डांबरही यातलंच?

हो, व्हॅक्यूम टॉवरच्या तळाचं. कंत्राटाच्या कागदावर व्हीजी-३० वगैरे दिसतं ती त्याच्या घट्टपणाची प्रत. खड्ड्यांचा दोष मात्र सरसकट डांबरावर टाकू नका. १९७० च्या दशकात रेकॉन्डो कंपनीने दहा वर्षांची हमी देऊन बांधलेला जंगली महाराज रस्ता हमी संपल्यावरही कित्येक वर्षं धडधाकट राहिला. डांबर तेच होतं. खडीची प्रतवारी, पाण्याचा निचरा आणि रोलिंग नीट होतं.

पीएमपीच्या बसमधला सीएनजी कुठल्या ट्रेवरून येतो?

कुठल्याच नाही. सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन आणि तो नैसर्गिक वायूच्या साठ्यांतून येतो. पाइपचा गॅसही तोच. सिलिंडरमधला एलपीजी वेगळा: तो काही रिफायनरीतून, काही नैसर्गिक वायूतून वेगळा काढलेला आणि निम्म्याहून जास्त आयात केलेला. त्याला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून इथाइल मरकॅप्टन मिसळतात.

साखर कारखान्यात इथेनॉल करतात तेही हेच का?

तत्त्व तेच. बारामती-इंदापूरकडे जाताना कारखान्यांच्या आसवन्यांचे उभे कॉलम दिसतात, त्यांच्या आतही ट्रे, रिफ्लक्स सगळं आहे. पण तिथे एक गंमत आहे जी तेलात नाही. इथेनॉल-पाण्याचं मिश्रण ऊर्ध्वपातनाने वजनी सुमारे ९५.६ टक्क्यांपर्यंतच जातं. त्या प्रमाणात वाफ आणि द्रव यांची घडण एकच होते आणि मग कितीही ट्रे वाढवा, उपयोग शून्य. उरलेलं पाणी आण्विक चाळणीने, म्हणजे झिओलाइटच्या बारीक छिद्रांत पाणी शोषून, काढावं लागतं, तेव्हा पेट्रोलमध्ये मिसळण्याजोगं इथेनॉल मिळतं. असे प्रकल्प जगभर उभारणारी प्राज इंडस्ट्रीज ही कंपनी पुण्याचीच.

आणि प्लॅस्टिकच्या कचऱ्यापासून इंधन?

ते पायरोलिसिस. हवा बंद करून प्लॅस्टिक तापवलं की लांब साखळ्या *तुटतात* आणि तेलासारखा द्रव मिळतो. तोडणं ही रासायनिक क्रिया. मिळालेल्या द्रवाचे कट पाडायचे असतील तर मात्र पुन्हा ऊर्ध्वपातनच.

पंपावर भेसळ कशी ओळखायची?

दोन साध्या गोष्टी ग्राहक म्हणून तुम्ही मागू शकता. पहिली, फिल्टर पेपर: नोझलमधून पेट्रोलचा एक थेंब कागदावर घ्या. दोनेक मिनिटांत डाग न राहता उडाला तर ठीक. डाग राहिला तर त्यात जड काहीतरी, रॉकेल किंवा डिझेल, असण्याची शंका घ्यायला जागा आहे. हे साधं बाष्पीभवन, पण तत्त्व ऊर्ध्वपातनाचंच: हलकं आधी उडतं. दुसरी, घनता: हायड्रोमीटरने मोजून १५ अंशांच्या घनतेत रूपांतर करतात. पेट्रोलसाठी मान्य पट्टा ७२० ते ७७५ किलो प्रति घनमीटर, आणि पंपाच्या त्या दिवसाच्या नोंदीपेक्षा ३ च्या वर फरक पडला तर जाब विचारा.

डिझेलमध्ये थोडं रॉकेल मिसळलेलं यातून पकडणं अवघड, कारण दोघांचे पट्टे मुळातच एकमेकांत घुसलेले. म्हणून रेशनच्या रॉकेलला निळा रंग देतात.

पुण्यात रिफायनरी आहे का?

नाही. जवळच्या दोन मुंबईत माहुल भागात, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियमच्या, दोन्ही १९५० च्या दशकातल्या. तिथून हिंदुस्थान पेट्रोलियमची वाहिनी सह्याद्री चढून लोणी काळभोरला येते आणि पुढे सोलापूरकडे जाते. लोणीच्या डेपोतून टँकर भरून पंपांवर जातात, सोलापूर रस्त्यावर सकाळी तुम्ही अडकता ते त्यांच्याच मागे.

मजा म्हणजे पेट्रोल आणि डिझेल एकाच पाइपातून, एकामागोमाग एक येतात. मध्ये भिंत नसते. जिथे दोघांची गाठ पडते तिथे थोडं मिसळतंच. तेवढा पट्टा घनतेवरून ओळखून वेगळ्या टाकीत घेतात. त्यातला काही बेताने चांगल्या मालात जिरवता येतो, जिरत नाही तो पुन्हा रिफायनरीत ऊर्ध्वपातनाला.

हेक्झेन, टर्पेंटाइन, मेणबत्तीचं मेण, हेही?

तिन्ही. हेक्झेन हा साधारण ६३ ते ६९ अंशांमधला अगदी अरुंद कट. लातूरकडच्या कारखान्यांत सोयाबीनमधून तेल ओढायला तो वापरतात आणि नंतर उडवून परत मिळवतात. रंगकाम करणारे वापरतात ते मिनरल टर्पेंटाइन नॅफ्था आणि रॉकेलच्या सीमेवरचं. मेण वंगणाच्या कटमधून थंड करून वेगळं काढतात.

परीक्षेत आकृती काढताना गुण कुठे जातात?

तीन ठिकाणी. तापमान खाली जास्त आणि वर कमी असं लिहायचं राहतं. कच्चं तेल टॉवरच्या मधोमध किंवा वरून आत येताना दाखवलं जातं, ते खालच्या भागात, भट्टीतून यायला हवं. आणि डांबराचा बाण तळाऐवजी बाजूने काढला जातो. नीट काढलेला साधा चौकोनी टॉवर चालतो, शेडिंगवर वेळ घालवू नका.

घरी करून बघता येईल का?

कच्चं तेल, पेट्रोल, रॉकेल, थिनर यांतलं काहीही घरात तापवायचं नाही. सोसायटीच्या गच्चीवरही नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीपाशी जाऊन पेट घेते. शिवाय त्यात बेंझीन असतं आणि त्याने कर्करोग होतो.

प्रयोगच करायचा असेल तर कॉलेजच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली, ॲसिटोन आणि पाण्याचं मिश्रण घ्या. ज्योत नको, हीटिंग मँटल वापरा. फ्लास्कवर आधी साधी नळी बसवून आणि मग काचेच्या दातेरी कॉलमने, असा दोनदा करा. दर पाच मिलिलिटरला तापमापकाचा आकडा लिहून आलेख काढा. साध्या नळीत रेघ ५५-६० च्या दरम्यान सुरू होऊन तिरपी चढत जाईल. कॉलम लावल्यावर ती ५५ च्या आसपास बराच वेळ आडवी राहील आणि मग एकदम शंभराकडे, म्हणजे पुण्यात ९८ कडे, उडी मारेल.